कागदी पेले

पंचेचाळीस वर्षांनी भेटलो, बोलिंग क्लबच्या मागच्या खोलीत,
आणि बशीत चिप्स पडायच्या आतच
रँडी केंपायनननं तोच किस्सा काढला:
तीन हजार दोनशे पेले!
दर भेटीत आकडा फुगतो.
मी मोजले होते. दोन हजार आठशे चाळीस.

एकोणऐंशीचा मे. सुपिरियर सरोवरावर
अजून बर्फाचे तुकडे तरंगत होते.
बारावीचे आम्ही एकेचाळीस जण,
शाळेचा निरोप घ्यायचा तर असा
की मागून येणाऱ्यांनी नाव काढावं.
आधीच्या बॅचनं नुसती घड्याळं मागे केली होती. बावळट.
डेलच्या काकूनं चर्चच्या तळघरातली खोकी दिली,
कशाला, हे न विचारता.
बागेचा पाइप, चार किटल्या, विजेऱ्या.
जिमच्या दारापासून मुख्याध्यापकांच्या उंबऱ्यापर्यंत
फरशीवर पेल्याला पेला चिकटून,
काठोकाठ पाणी,
पाऊल टाकायला तसूभर जागा नाही.
उलटे सरकत भरत गेलो,
हसू दाबून दाबून पोटात गोळे आले,
कोलीनला उचकी लागली तर कुणीतरी
तिच्या तोंडात हातमोजा कोंबला.

किल्ली कुणी आणली, ते कुणी विचारलं नाही.
सगळ्यांना माहीत होतं.

तांब्याची खाण बंद पडली तेव्हा वडिलांनी
हेल्मेटचा दिवा कंपनीला परत केला
आणि पट्ट्याला शाळेचा जुडगा अडकवला.
तेवीस किल्ल्या. चालताना वाजायच्या.
वर्गाबाहेर तो आवाज आला की मी
वहीत मान घालायचे.
हे त्या क्लबात मी कधी बोललेले नाही.

रात्री तीनला जुडगा परत खिळ्यावर टांगला,
सगळ्या किल्ल्या मुठीत आवळून, मुक्या करून.

सकाळी काचेच्या दाराबाहेर ही गर्दी.
मुख्याध्यापक लालबुंद. कुणी टाळ्या वाजवल्या.
मग वडील आले, बादली घेऊन,
आणि तेव्हा,
खरंच सांगते, तेव्हाच माझ्या डोक्यात आलं
की हे सगळं कुणीतरी उचलणार आहे.

ते खाली बसले. डावा गुडघा खाणीत गेलेला,
तो बाजूला पसरून.
पहिला पेला उचलला,
सगळ्यांकडे एकदा बघितलं, माझ्याकडे नाही,
आणि पिऊन टाकला.

काय हशा पिकला!
दुसरा खिडकीतल्या जिरेनियमला घातला.
तिसरा बादलीत.
मग सगळेच बादलीत, दुपारपर्यंत.
मी वर इतिहासाचा पेपर लिहीत होते.
कुठलं तरी युद्ध होतं. सन आठवेना.

मागचं दार लावायला मीच विसरलो,
असं त्यांनी ऑफिसात सांगितलं.
तीन दिवसांचा पगार कापला.

शनिवारी सौना झाल्यावर पायरीवर बसलो होतो,
त्यांच्या खांद्यांवरून वाफ निघत होती.
झाडांकडे बघत म्हणाले,
थंड होतं पाणी. चांगलं होतं.
आमच्या फिनिश घरात याला भाषण म्हणतात.
मी काहीतरी बोलायला हवं होतं.
मी विचारलं, गुडघा दुखतो का.
नाही म्हणाले.

मागच्या हिवाळ्यात आईही गेली,
तेव्हा गॅरेज रिकामं केलं.
फळीवर रांगेनं मेणाचे कागदी पेले,
हिरव्या पानांची नक्षी विटलेली:
स्क्रू. वॉशर. सलगमचं बी, एकोणनव्वद, पेन्सिलीनं लिहिलेलं.
गळाचे आकडे. पुन्हा स्क्रू.
बरेचसे रिकामेच, एकात एक घातलेले, माझ्या कमरेएवढा मनोरा.
हे मी मोजले नाहीत.

इथे रँडी चार हजारांवर पोचलाय.
डेलची नवी बायको, टेक्ससची, डोळे पुसत विचारते,
अहो, पण तुम्ही आत शिरलात कसे?

टेबल एकदम गप्प.
कोलीन बशीतला मका निवडायला लागते.
डेल माझ्याकडे बघतो, मग बघत नाही.

मी म्हणते,
मागचं दार उघडं होतं.